पाणी आलं

जहाज आणलं तेव्हा ट्रेलरला एकोणीस दिवस लागले.
टेंभुर्णीजवळ ते तीन रात्री अडून होतं,
उसाच्या बैलगाड्या वळसा घालून
कारखान्याकडे जात राहिल्या.
आता तुळजापूर रस्त्याला उभं आहे
सिमेंटच्या अकरा ओट्यांवर.
तिकीट वीस रुपये, सोमवारी बंद.

नायनांना मी रविवारी घेऊन गेलो.
चौदा वर्षं त्यांनी याच्या पोटात काढली, इंजिनाशी.
आठ साच्यांच्या खोलीत ज्याचा पाळणा बांधलेला
तो आवाजाला काय भिणार,
म्हणून भरतीवाल्यांनी खाली धाडलं,
असं ते सांगतात.

आधी बुडाखालून फिरले, मान वर करून.
हे अंग त्यांनी गोदीत दोनदाच पाहिलेलं,
तेही शिंपल्यांनी माखलेलं.
आता त्यावर दुभाजकाचा उरलेला रंग असावा
इतकं चकचकीत.

गेटवरचा पोरगा म्हणाला, आजोबा, चपला इथंच.
तोफेला कुणी कुंकू लावलंय,
खंडेनवमीचं असेल.
तापल्या लोखंडावर अनवाणी चढले,
वर पाय टेकताच मागे वळून
झेंडा नसलेल्या काठीला त्यांनी सलाम केला.
अक्कलकोटच्या सहलीतली पोरं हसली.
मग त्यांतल्या एकानं पण केला.

‘गंज कुठंय?’
पोरगा दचकला, त्याला वाटलं तक्रार आहे.
‘सकाळी खरवडायचो, संध्याकाळी परत यायचा.
चौदा वर्षं. कुठं गेला?’
‘इथली हवा कोरडी, आजोबा. शंभर वर्षं काही होत नाही याला.’
नायनांनी त्याच्याकडे असं पाहिलं
जसं कुणी येऊन सांगावं
की पेशंट आता अजिबात ओरडत नाही.

खालच्या मजल्यावर एक गोल झाकण,
दोरी बांधलेली, प्रवेश बंदची पाटी.
ते उकिडवे बसले. गुडघे वाजले.
झाकणाच्या कडेनं बोटं फिरवत
तेलुगूत मोजू लागले, घरच्या भाषेत:
ओकटी, रेंडू, मूडू...
आठ खिट्ट्या आहेत, मी नंतर मोजल्या.
ते सहावीपाशी थांबले.

‘ही घट्ट बसायची नाही.’

मग बराच वेळ काही नाही.
वर पोरांच्या पायांचा धडधडाट.

‘कुट्टप्पन खाली होता. ओरडला, पाणी आलं.
हिंदीत ओरडला, मग त्याच्या भाषेत ओरडला.
मी वर होतो.’
आणि तळहात झाकणावर ठेवून,
गरम भाकरीवर ठेवावा तसा, उचलत ठेवत,
‘हुकूम होता रे.’

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं,
आज पाचवा दिवस ना?
मी म्हटलं हो, रात्री नळ येईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी
नळात आधी नुसती हवा आली, शीळ घालत.
मग गल्लीच्या टोकाला बोल्लींच्या सुनेची हाक,
मग दारोदार तीच हाक,
बादल्या, पिंपं, मोटारींची घरघर,
आनंदानं ओरडणारे लोक:
पाणी आलं! पाणी आलं!

नायना आधीच उठून बसले होते.
तीस वर्षं दर पाळीला
गल्लीत सगळ्यांत आधी जागा होणारा माणूस.
आम्ही त्याला नेव्हीची शिस्त म्हणायचो.
अम्मा असेपर्यंत एकच भांडण होतं त्यांचं,
की हौदाचं झाकण हे लावू देत नाहीत,
डास होतात, पोर पडेल एखादं.
ती गेल्यावर मी लोखंडी झाकण बसवून घेतलं,
कडी असलेलं.

आज मी काही बोललो नाही.
बॅटरी धरली.
त्यांनी कडी काढली, झाकण ओढून
पार भिंतीला नेऊन टेकवलं,
आणि काठाशी वाकून
आत बघत बसले,
पाणी पायरी पायरीनं वर येईपर्यंत.