डावा बूट

मुलगा मडगावहून स्कूटरवर आला,
हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला,
बाई, मुलींच्या फुटबॉलचा इतिहास लिहितोय.
चुलीवर पेज उतू जात होती. म्हटलं, थांब जरा.

मग साल विचारलं त्याने.
साल कुठलं सांगू?
त्या वर्षी चिंचोणेच्या फेस्ताला पाऊस पडला,
बाळ्ळीला वीज आली,
आमच्या वाड्यावर मात्र आली नव्हती.
हे लिही, म्हटलं, साल आपोआप सापडेल.
तो हसला. लिहिलं नाही.

कापणी झाली की शेत हेच मैदान.
मेरेपलीकडे गेला की चेंडू बाहेर,
गोलाला माडाच्या दोन चुडती.
मी उंच, म्हणून गोलात. दुसरं कारण नव्हतं.
आई म्हणायची, बाईमाणसाने चिखलात लोळू नये.
लावणीला कोण लोळतं मग, विचारलं की
भाताची मूठ घेऊन पाठ फिरवायची.

देशाच्या संघाचं पत्र आलं
ते पोस्टमनने तिठ्यावरच्या दुकानात फोडून वाचलं.
मला कळायच्या आधी गावाला कळलं.
वास्कोहून गाडी, दोन रात्री, आरक्षण नाही;
आम्ही आळीपाळीने झोपलो,
डोकं क्लावदिनच्या मांडीवर, पाय कुणाच्या तरी पिशवीवर.
उतरलो एका शाळेत,
वर्गातल्या फळ्यावर अर्धं राहिलेलं प्रमेय.
तीन दिवस मी ते मनात सोडवत होते,
सुटलं नाही.
जर्सी पुरुषांच्या. बाह्या दुमडून टाके घातले.
रात्री धुवायच्या, सकाळी ओल्याच अंगात,
आणि पिळायच्या नाहीत,
पाठीवरचा आकडा सुटतो.

फोटोत कोण कोण, त्याने विचारलं.
चौदाजणी. मला नऊ नावं येतात.
ही बंगालची, पेनल्टीआधी नखं खायची.
ही मणिपूरची. तिचं नाव मला म्हणता येईना,
माझं तिला.
ती मला गोवा म्हणायची, मी तिला मणिपूर,
एवढ्या दोन शब्दांवर आमची मैत्री चालली.
ही...
ही कोण गं?
मी फोटो उजेडात धरला, उलटा केला.
मागे फक्त स्टुडिओचा शिक्का.

तुम्ही किती सामने खेळलात?
शून्य, म्हटलं.
त्याचं पेन थांबलं. त्याला माझं वाईट वाटलं.
अरे, गोलकीपरला शून्य आवडतं.
हेही त्याला कळलं नाही.

मी राखीव. बाकावर.
उत्तरार्धात क्लावदिन बार्रेतच्या डाव्या बुटाचा तळ सुटला,
सुतळीने बांधला तरी
कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत राहिला.
जादा जोड कुणाकडे होता?
मी लेस सोडल्या. कुणी सांगितलं नव्हतं.
पायांवर टॉवेल घेऊन अनवाणी बसले
आणि उरलेली एकवीस मिनिटं
माझे बूट देशासाठी धावले.

जिंकलात?
हरलो रे. दोन-एक.
पण तो एक डाव्या पायाचा होता.

तो रकाने चाळत राहिला. नाव, जागा, सामने, गोल.
बुटाला रकाना नव्हता.
मी त्याला पेज दिली, बांगड्याचं लोणचं दिलं,
क्लावदिनचं नाव दोनदा खोडून नीट लिहून घेतलं.
ती आता लिस्बनला असते,
गुडघे गेलेत म्हणे.

जाताना स्कूटरवर बसून विचारलं,
बूट आहेत का अजून? संग्रहालयात ठेवू.
नाहीत. ते थांबलेच कुठे.
मी धाकट्या बहिणीला दिले, तिने केप्याच्या शेवंतीला,
शेवंतीने भाचीला, भाचीने आणखी कुणाला.
सगळ्या एकच तक्रार करायच्या:
उजवा बसतो गं,
डावा अंगठ्यापाशी सैल आहे,
आधी कुणीतरी वापरलाय.