खेळ

परदेशी यंत्राचं कोटेशन आलं.
घोडेकर बाईंनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.
अकरा लाख चाळीस हजार. जीएसटी वेगळा.

मग मी रविवारी जुन्या बाजारात गेलो:
दोन मेलेले प्रिंटर, त्यांच्या पोटातल्या मोटारी.
तपकीर गल्लीत वायरी, सर्किटं, उधारी.
आणि भोसरीत इलाही तांबोळींची लेथ,
जिथे रेडिओला कुणी ऐकत नाही, बंदही करत नाही.

म्हटलं, एक मायक्रॉनची चाल हवी.
म्हणाले, आम्ही थाऊत बोलतो.
आजा सुतात बोलायचा, त्याचा बाप तसूत.
तुम्ही कुठवर जाणार?
आणि दाढीतला एक पांढरा केस उपटून
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला.
सत्तर. घ्या. याचे सत्तर भाग करा.

स्क्रू पुढे फिरवला की टेबल पुढे.
मागे फिरवला की आधी काहीच नाही,
मग, जरा विचार करून, मागे.
खेळ आहे, तांबोळी म्हणाले. दोन नट घाला,
मध्ये स्प्रिंग. बॉलपेनचीसुद्धा चालेल.
चालली.

तरी रोज दुपारी काचेची सुई
पेशीपासून सरकायची. चार मायक्रॉन, खिडकीकडे.
आम्ही बसला दोष दिला, शेजारच्या बोअरला,
खालच्या झेरॉक्सवाल्याला तर भांडूनच आलो.
बाई आजारी पडल्या त्या आठवड्यात
सुई जागची हलली नाही.
त्या आल्या, वाकून बसल्या, आणि हलली.
एका माणसाची ऊब
अ‍ॅल्युमिनियमला कळत होती, आम्हाला नाही.
मखरातलं उरलेलं थर्माकोल मध्ये उभं केलं.
त्यावर अजून अर्धा सोनेरी मोर आहे.

सहा हजार तीनशे झाले,
तांबोळींनी न घेतलेले धरले नाहीत.
आराखडे, कोड, फसलेल्या भागांचे फोटो
सगळं उघड्यावर ठेवलं, ज्याला हवं त्याने न्यावं.
लातूरच्या एका मुलीने कळवलं:
पान तीनवर स्क्रू उलट्या आट्यांचा काढलाय.
खरंच काढला होता.
आठ महिने आम्ही तो सुलटा वाचत होतो.

काल सुई गोगलगायीच्या एका पेशीला टेकली
आणि टेकलेलीच राहिली, चाळीस मिनिटं.
बाई काही बोलल्या नाहीत. चहा थंड झाला.

तांबोळींना फोन केला.
म्हणाले, माझा केस ठेवलाय का?
ठेवलाय. वहीत चिकटवलाय,
तारीख घालून.