रकाना चौथा

चौकशी शाळेच्या व्यायामशाळेत भरली,
गावात तेवढीच खोली गरम होती म्हणून.
टेबलावर छापील फॉर्म.
ठिकाण : कोर्पियार्वी सरोवर, फिनलंड. तारीख. नाव.
रकाना चौथा : बर्फ पातळ झाल्याचे आपणांस माहीत होते काय?
पुढे दोन बोटं जागा.

सगळे एकच सांगत गेले.
मी लेखनिक, एकाच शाईनं लिहीत गेले,
माहीत नव्हतं. माहीत नव्हतं.

आर्नी सहा वर्षांचा. म्हणाला,
मामाचा ट्रक पाण्यातला उजेड बघायला गेला.
हा अजाण. ह्याच्या शब्दाचेही अजून दुधाचे दात पडायचेत.

राइवो एस्तोनियाचा, मागच्या गाडीवर.
त्याला समुद्राचा बर्फ कळतो, सरोवराचा नाही.
अनभिज्ञ म्हणावं, तर शब्द
उसन्या कोटासारखा, बाह्या लांब.
तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

हिल्का एक्याऐंशीची. साठ हिवाळे जाळी टाकली तिनं.
"बर्फातलं मला काय कळतंय?
इतक्या वर्षांत चारदा खरं बोलला असेल."
तिला अडाणी लिहिणं, हा माझा अडाणीपणा.
ती दर पावलाआधी काठी आपटते.
तिच्या न कळण्याला टोक आहे,
लोखंडी.

मग रस्ते खात्याचे कोर्तेसोया.
बर्फ मोजायचं गिरमिट मंगळवारपासून
गाडीत, प्लास्टिकच्या वेष्टनात.
त्यांनी सर्वांत स्पष्ट उच्चार केला : माहीत नव्हतं.
हे अज्ञान नव्हे.
हे पाळलेलं असतं,
वेळेवर खाऊपिऊ घातलेलं,
घरात कुणी आलं की मागच्या खोलीत बांधून ठेवलेलं.

ताउनोला फॉर्म दिला नाही.
त्याची गाडी वर काढली तेव्हा
पट्टा सुटा होता, काच पूर्ण खाली,
उणे एकोणीस अंशांत.
म्हणजे त्याला माहीत होतं?
की बापानं शिकवलेली नुसती सवय?
की भीती, जी जाणण्याच्या आधी येते
आणि हात हलवून जाते?
ह्यासाठी मला शब्द सापडला नाही.
कोरं सोडलं.

लेखनिकाला कुणी विचारत नाही.
त्या दिवशी सकाळी मी तिथूनच गेले,
गाडीखाली, फार लांबवर,
कुणी जाड कापड फाडावं तसा आवाज.
मी रेडिओ मोठा केला.

कानाडोळा.
दोन अवयव लागतात त्याला,
आणि दोन्ही धडधाकट.

संध्याकाळी खुर्च्या उचलल्या, हीटर बंद केला.
एक फॉर्म उरला होता.
मी नाव लिहिलं, तारीख लिहिली,
चौथ्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तशीच बसले.
शाई पसरत गेली,
काळी, गोल,
कडेला पातळ.