काडी दुसऱ्यांदा काढायची

विडी घरकुलातली आमची गल्ली
डोळ्यांना सपाट दिसते.
पाचव्या दिवशी नळ येतो, एखादीची घागर कलंडते,
तेव्हा कळतं पाणी कुणाच्या उंबऱ्याकडं धावतं ते.

त्या गल्लीत मी रोज सकाळी टेम्पोची काडी काढायची
आणि रोज ऑइल कमी.
रोज थोडं ओतायची.
कमी दिसलं की वाढायचं,
एवढंच शिकलो होतो घरी.

मग बोरामणीच्या पुढं मागून निळा धूर.
हौद्यात टॉवेलचे चाळीस गठ्ठे,
शेजारच्या सीटवर आई, मोतीबिंदूचे थेंब मांडीवर घेऊन,
फोनवर नळदुर्गची पार्टी.
तशीच वळवली, शांती चौकात आणली.

दस्तगीर मिस्त्रीनं वास घेतला आणि हसला नाही.
हसला असता तर बरं वाटलं असतं.
"उपाशी नाही ओ अक्का गाडी. अजीर्ण झालंय."
खालचा नट ढिला करून
डालड्याच्या डब्यात त्यानं माझी महिन्याभराची माया काढून घेतली.

"आता शिक. गाडी सपाटीला.
ही माझी फरशी, ग्लासात पाणी ठेवून घातलीय, हिच्यावर लाव.
इंजिन गरम कर. बंद कर.
मग काही करू नको."

काही करू नको म्हणजे काय, ते मला येत नाही.
आईनं दिवसाला हजार विड्या वळल्या,
मी आठवीपासून कांड्या भरल्या.
दहा मिनिटं मी पत्र्याच्या सावलीत उभी,
पलीकडच्या शेडमध्ये माग बडवतोय,
मिस्त्री कडक भाकरी मोडून शेंगा चटणीला लावतोय.
"वर उडालेलं ऑइल खाली यायला वेळ घेतं," तो म्हणाला,
"त्याच्या आधी विचारशील तर कमीच सांगणार."

आई सीटवरून म्हणाली,
"तुझा बाप रात्रपाळीहून आला की
पाय धुऊन बसेपर्यंत मी पगाराचं काढायची नाही."
कुणी काही बोललं नाही. मिस्त्री पाणी प्यायला.

काडी पुसायला मी सेकंडचा टॉवेल काढला,
किनार चुकलेला, घरात ढीग आहे.
त्यानं हातातून ओढून घेतला.
"यानं सगळ्या दुनियेचं तोंड पुसा, इंजिनाचं नको. लव सुटते."
सोलापुरात, टॉवेलला, असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.
जुन्या धोतराची चिंधी दिली.

"पहिल्यांदा काढलेली काडी खोटं बोलते.
उडालेलं-चिकटलेलं सगळं तिच्या अंगावर असतं.
पूस. परत घाल, पार टोपी टेकेपर्यंत.
आता काढ. टोक खाली.
तलवार नाही ती, वर केलीस तर ऑइल मुठीकडं पळेल."
दोन भोकं. वरच्याच्या जरा खाली काळी चकचकीत रेघ.
"बास. रेघ दोघांच्या मधे असली की झाकण लावायचं,
हात खाजवला तरी ओतायचं नाही."

"दे इकडं," आई म्हणाली.

तिला रेघ दिसणार नव्हती.
तिनं टोकाचा थेंब अंगठ्यावर घेतला,
तर्जनीनं चोळला, एकदा, परत एकदा.
तंबाखूत माती मिसळलेली असली
तर कारखान्यात मुकादमाच्या आधी हिला कळायचं.
"रेव आहे यात."

मिस्त्रीनं काडी उन्हात धरली, डोळे बारीक केले.
चांदीची बारीक, बारीक भुकटी.
भाकरीचा तुकडा त्यानं ताटात परत ठेवला.
"बेअरिंग," म्हणाला,
आणि पुढचा आकडा काही सांगेना.

फोन परत वाजला.
"आजचा माल टाकून या. चाळीसच्या वर नको. परवा उघडू."

आईनं बोटं पदराला पुसली नाहीत.
नळदुर्ग येईपर्यंत
अंगठा तर्जनीवर फिरवत बसली होती,
पान नसलेली, सुपारीएवढी तंबाखू नसलेली
एक विडी वळत.