शीत

एकशे बारा प्रसंगांतले तीन काढायचे,
सात मिनिटांत बसवायचे,
सप्टेंबरात तिबिलिसीला नेऊन दाखवायचे.
बघणार कोण? एक अक्रोडांचा व्यापारी, दोन दातांचे डॉक्टर
आणि त्यांतल्या एकाचा मेहुणा,
त्याला सिनेमातलं कळतं म्हणे.

शितावरून भाताची परीक्षा, हे ठीकच.
पण आमचा भात चुलीवर चढलाच नव्हता.
तांदूळसुद्धा त्यांच्याकडूनच यायचे होते.
एक शीत तेवढं शिजवून पुढे करायचं,
दाबून बघा म्हणायचं.

जुलै. रुस्तावी. छत्तीस अंश.
पोलाद कारखान्यामागची पाच मजली इमारत.
प्रसंग चौथा: पहाट, बर्फ, आई इटलीला निघते.
बर्फ म्हणजे दोन उशांची पिसं आणि सात किलो मीठ.
कॅमेरा झाझाचा, तो लग्नं काढतो;
शनिवारी चारला परत, पाचला नवरी चर्चच्या दारात.
माइक माझ्याकडे,
फरशी पुसायच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेला.
दांड्याला अजून फिनेलचा वास.

आई झाली लामारा, तिसऱ्या मजल्यावरची.
तिने पैसे मागितले नाहीत, नुक्रीने विषय काढला नाही.
लोकरीचा कोट घालून ती जिन्याच्या तोंडाशी आली,
सूटकेस उचलली
आणि खाली ठेवली.

“रिकामी आहे.”
नुक्री म्हणाला, कॅमेऱ्यात नाही दिसत.
“हाताला दिसतं.
माझी अठरा किलोंची होती.
बारी शहरात नऊ वर्षं परक्या म्हाताऱ्यांना उचललं, निजवलं,
पण खांदा गेला तो या जिन्यावर.”

आणि सूटकेस घेऊन ती वर गेली.

आम्ही थांबलो. एतेरी उन्हाकडे बघत राहिली.
झाझाचे दोन फोन आले.
एक मांजर येऊन आमचा बर्फ चाटून गेलं,
तोंड वाकडं करून.
पंचवीस मिनिटांनी लामारा आली, एका बाजूला कललेली.
काय भरलंय ते कुणी विचारलं नाही.

कानांवर हेडफोन होते, म्हणून मला एवढं ठाऊक:
पायऱ्या सतरा, श्वास अकरा,
आणि प्रत्येक पायरीला
आत काचेला काच लागत होती, हळू,
कपड्यात गुंडाळलेली.
खाली छोट्या गेगाने रडायचं ठरलं होतं.
तो विसरला.
नुसता सूटकेसकडे बघत राहिला,
आणि ती त्याच्याजवळून, त्याच्याकडे न बघता,
दाराबाहेर, मिठावरून, पिसांतून
पार कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत चालत गेली.
तेवढं लिहिलेलं नव्हतं.
कट म्हणायचं राहूनच गेलं. कार्ड भरलं तेव्हा थांबलो.

व्यापाऱ्याने विचारलं, हिच्याऐवजी कुणी नावाजलेली?
मेहुणा म्हणाला, इटली आहे तर समुद्र दाखवा.
पहिल्या डॉक्टरने घड्याळ बघितलं.
दुसरा गप्पच होता. कोट चढवताना म्हणाला,
त्या सूटकेसमध्ये काय होतं हो?
“काही नाही,” नुक्री म्हणाला, “अभिनय.”
मी बुटांकडे बघितलं.

पैशांचं कळवतो म्हणाले.

जानेवारीत बर्फ पडला. गुडघाभर, फुकट,
एतेरीला हवा होता तसाच निळसर उजेड.
त्या दिवशी कॅमेरा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता.
आम्ही तिघं खिडकीशी उभं राहून
एकमेकांशी न बोलता चहा प्यायलो.

सूटकेस माझ्या पलंगाखाली आहे.
न्यायला ये म्हटलं तर लामारा म्हणते, राहू दे,
एकसष्टाव्या प्रसंगात लागेल.
फक्त उघडू नकोस.

उघडत नाही.
झाडताना बाहेर काढावी लागते तेव्हा
दोन्ही हातांनी काढते.