एक तास मागे

नदीच्या या काठाचं घड्याळ एक तास मागे आहे.
म्हणून टोर्निओत दहाला भट्टीतून निघालेलं
पूल ओलांडून हापारांदाला पोचतं
नऊ वीसला.
भाजायच्या आधीच, गरम.

आईनं पाठवलेला पहिला डबा
सासूनं उघडला. गुनवोर तिचं नाव.
म्हणाली, याच्यावर कुणी बसलं होतं का?

मी म्हटलं, हे चेपलेलंच असतं.
आमच्याकडे याला कोर्वापूस्ती म्हणतात,
म्हणजे कानाखाली एक.

‘आणि हे तुम्ही पाहुण्यांना देता?’

तोच मैदा. तेच लोणी, दूध,
वेलदोडा दोघींचाही जाडाभरडा,
दालचिनीला हात सैल.
पण ती कणकेच्या पट्ट्या कापायची,
पीळ द्यायची, दोन बोटांभोवती गुंडाळून
टोक खाली असं खोचायची
की गाठ कुठे सुरू झाली ते तिलाही सापडू नये.
मी गुंडाळी तिरकी कापते, उभी करते,
मधोमध अंगठा दाबते.
दोन्हीकडे कान बाहेर येतात. झालं.

सव्वीस वर्षं एक भट्टी, दोन ट्रे.
वरचा खण तिचा.
मुलं दोन्ही खायची
आणि कुठलं चांगलं विचारलं
की तोंड भरलेलं ठेवायची.

फेब्रुवारीत तिचा उजवा हात गेला.
एप्रिलमध्ये ओट्याशी खुर्ची ओढून बसली,
डाव्या हातानं पट्टी पिळू लागली.
पट्टी सुटे. पुन्हा पिळे. पुन्हा सुटे.
मग नुसती खिडकीबाहेर बघत राहिली,
बर्फावरून कुणीतरी स्कीवर पलीकडे चाललं होतं,
उद्याच्या नाही, एका तासानंतरच्या देशात.

मी काही बोलले नाही.
माझ्या गुंडाळीचा एक तुकडा तिच्यापुढे उभा केला
आणि भांडी घासायला लागले.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला,
‘कोर्वापूस्ती.’ उच्चार चुकीचा.
अंगठा उठवावा तसा तिनं उठवला होता,
कान ट्रेभर पसरलेले.
कुणाच्या? मी विचारलं.
‘डॉक्टरच्या.’
दुसरा, बँकेतल्या त्या पोराच्या.
तिसरा, ‘तुझ्या सासऱ्याच्या. मेला म्हणून काय झालं?’

ट्रे भरत गेला. गावातलं फारसं कुणी सुटलं नाही.
शेवटच्यावर अंगठा ठेवून ती थांबली,
माझ्याकडे बघितलं.
नाव नाही घेतलं.
दाबलं मात्र चांगलंच.

मी ट्रे वरच्या खणात सरकवला.