नाक

अशोक चौकात, विडी कारखान्याच्या भिंतीला लागून
अप्पांचं गॅरेज. पाटी नाही.
नरसय्या गाजूल म्हटलं की रिक्षा आपोआप वळतात.

अप्पा इंजिन नाकानं ओळखायचे.
सायलेन्सरशी वाकून एक श्वास, आणि
"रॉकेल मारतोस की रे!" ड्रायव्हर खाली बघायचा.
"ही डिझेल पिते, पळत नाही,"
तेवढ्यावर जुन्या जीपचा सौदा मोडायचा.

मग पेट्रोललाच मळीचा वास यायला लागला.
"उसाचं घातलंय," अप्पा म्हणाले, "गाळपाच्या दिवसांत
बायपासला येतो, तोच."
कार्बोरेटरची रबरं फुगली. त्यांनी बदलली, कुरकुरत.
रात्री खोकायचे. मी रुमालाकडे बघायची नाही,
धुवायची मात्र मीच.

परवा इस्माईल नदाफ नवी रिक्षा घेऊन आला. बॅटरीची.
अप्पा सवयीनं मागं जाऊन वाकले.
सायलेन्सरच नव्हता.
हात गुडघ्यांवर, तसेच थांबले,
ओळखीच्या घरी जावं आणि दारच नसावं, तसे.
"काय शोधलालाव, मामा?" इस्माईल हसला.

समोरच्या खानावळीत कुणी शेंगा भाजत होतं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तो वास आमच्या उंबऱ्यापर्यंत आला.
अप्पांनी घेतला. मान हलवली.

मग दक्षिणेकडं बघितलं. जिथं वीज करतात
तिथला धूर उन्हात सरळ उभा होता.
"मेला नाही," म्हणाले,
"बिऱ्हाड बदललंय त्यानं."
आणि चार्जरची वायर उचलून
नाकाशी नेली.